न परतलेली विमाने

म्हैसूरच्या राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या एका जुन्या वस्तीला अग्रहार म्हणतात. हा शब्द दक्षिणेत गावोगाव आढळतो. विद्वानांनी पोटापाण्याची विवंचना न करता अध्ययन आणि अध्यापन करावे, एवढ्यासाठी राजाने जी भूमी दान द्यावयाची तिला अग्रहार म्हणत. राजे गेले, दाने गेली. आज तेथे दुकानांची आणि वाहनांची वर्दळ आहे. परंतु विद्येला आमंत्रण देऊन तिचा मान राखावा, ही जी एक जुनी रीत होती, तिची खूण त्या नावात राहिली आहे. या वस्तीवरून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी नंजनगूड आणि गुंडलुपेठ मागे टाकून बंडीपूरच्या अरण्यात शिरतो. म्हैसूरचे पठार तेथे संपत येते. पुढे मोयार नदीची खोल घळ लागते, आणि घळीच्या पलीकडे एकाएकी भिंतीसारखा उभा राहतो तो निलगिरी पर्वत.

या पर्वताच्या पूर्वेकडील अंगास, कोटगिरीच्या बाजूला, रंगस्वामी नावाचे एक शिखर आहे, आणि त्याच्या जवळच रंगस्वामीचा खांब म्हणून ओळखला जाणारा एक सरळसोट सुळका आहे. तेथील इरुळ लोकांना हे स्थान फार पवित्र. करमडैचा रंगस्वामी आपल्या पत्नीशी भांडून, रुसून या उंचीवर येऊन राहिला, अशी तेथील लोककथा आहे. मराठी माणसाला ही कथा ऐकून पंढरपूरची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येऊन बसली आणि देव तिच्या शोधात आला. तिकडे देवच रुसला आणि डोंगरावर चढून बसला. रुसलेल्याने अशीच जागा शोधावी, असे ते शिखर आहे. उतारावर दाट झाडी, खाली उष्ण मैदान, आणि ईशान्येकडील पावसाच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, माथ्यावर वरचेवर उतरणारे ढग.

१३ डिसेंबर १९५० या दिवशी एअर इंडिया कंपनीचे एक डाकोटा विमान या भागात डोंगरावर आदळले. दोन इंजिनांचे हे डीसी-३ जातीचे विमान त्या काळी आपल्या देशाच्या हवाई वाहतुकीचा कणा होते. विमानातील कोणीही वाचले नाही. मृतांमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एक प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी ल्युसिल यांचा समावेश होता. प्राध्यापकांचे वय ४८ वर्षांचे होते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी आपल्या देशात आले होते. त्यांचे नाव अब्राहम वाल्ड. संख्याशास्त्राच्या इतिहासात विसाव्या शतकातील पहिल्या रांगेत ज्यांना बसवावे लागते, अशा थोड्या माणसांपैकी ते एक होते. शिवाय, युद्धातून न परतणाऱ्या विमानांविषयी ज्याने सर्वांत खोल विचार केला, तोच हा मनुष्य. त्याचे स्वतःचे विमान एका परक्या देशातील डोंगरावरून परतले नाही. दैवाच्या अशा खेळाला योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु त्या विद्वानाने काय सांगितले होते हे समजून घेतले, तर रानात पडलेल्या विमानाच्या सांगाड्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

वाल्ड यांचा जन्म १९०२ साली कोलोझ्वार या गावी झाला. ते गाव तेव्हा हंगेरीत होते. पुढे ते रुमानियात गेले आणि आज त्याला क्लूज म्हणतात. घराणे धर्मनिष्ठ ज्यूंचे. शनिवार हा विश्रांतीचा दिवस पाळावयाचा आणि शाळा तर शनिवारीही भरावयाची. म्हणून मुलाचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. पुढे व्हिएन्ना येथे कार्ल मेंगर यांच्या हाताखाली त्यांनी १९३१ साली गणितातील डॉक्टर ही पदवी मिळविली. परंतु त्या काळच्या ऑस्ट्रियात ज्यू विद्वानाला विद्यापीठात जागा मिळणे दुरापास्त होते. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, त्याच वर्षी वाल्ड अमेरिकेस गेले. मागे राहिलेल्या आप्तांपैकी बहुतेक सर्वांचा ज्यूंच्या संहारात अंत झाला. एक भाऊ तेवढा वाचला. मागे न उरणे म्हणजे काय, हे या माणसाला गणिताच्या पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट सरकारी कामासाठी बसविण्यात आला होता. वाल्ड त्यात होते. त्यांचे एक मोठे काम आपल्या एका मराठी म्हणीच्या आधारे सांगता येते. शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. प्रश्न असा की, किती शिते चेपून पाहावयाची? तोफगोळ्यांची एक रास तपासावयाची आहे. अमुक इतके गोळे तपासलेच पाहिजेत, असे आधीच ठरवून टाकणे ही जुनी रीत. वाल्ड म्हणाले, प्रत्येक गोळा तपासून झाला की थांबून विचारावे: आतापर्यंत जे दिसले तेवढ्यावर निर्णय देता येतो काय? येत असेल तर थांबावे, नसेल तर पुढचा घ्यावा. सुगरण हेच करते. एक शीत मऊ लागले आणि दुसरे टणक, तर ती तिसरे उचलते. पहिली दोन्ही पिठासारखी फुटली, तर ती भांडे खाली उतरविते. या रीतीने तपासणीचे श्रम जवळजवळ निम्म्यावर येतात, हे वाल्ड यांनी गणिताने सिद्ध केले. १९४७ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि कारखान्यांतील मालाच्या तपासणीपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत त्याचा उपयोग होऊ लागला.

दुसरे काम विमानांचे. शत्रूच्या मुलखावर बाँब टाकून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके असत. कोठे किती भोके आहेत हे मोजून ठेवले जाई. विमानाला चिलखती पत्रा लावावयाचा, पण तो सगळीकडे लावला तर विमान जड होऊन उडणारच नाही. तेव्हा तो नेमका कोठे लावावा? साधा मनुष्य म्हणेल, जेथे भोके जास्त तेथे लावा. वाल्ड यांनी उलट प्रश्न केला. ही भोके आहेत ती परत आलेल्या विमानांवर. म्हणजे या जागी गोळी लागूनही विमान घरी येऊ शकते. ज्या जागी भोके फारशी दिसतच नाहीत, तेथे गोळ्या लागत नाहीत असे थोडेच आहे? तेथे लागतात; पण तेथे लागलेली विमाने परत येत नाहीत, म्हणून ती मोजणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीत.

ही गोष्ट अलीकडे एखाद्या चातुर्यकथेसारखी सांगितली जाते. प्रत्यक्षात वाल्ड यांनी १९४३ साली यावर लिहिलेली टिपणे बरीच कठीण आहेत. त्यांतील एका कल्पित उदाहरणात ४०० विमाने मोहिमेवर जातात. ३२० विमानांना एकही गोळी लागत नाही. ३२ विमाने एक गोळी खाऊन परततात, २० विमाने दोन, ४ विमाने तीन, आणि पुढे चार व पाच गोळ्या खाऊन आलेली प्रत्येकी दोन. बेरीज होते ३८०. उरलेल्या २० विमानांबद्दल हातात काहीच नाही. ना सांगाडा, ना भोके, ना वैमानिकाचा शब्द. तरीही परत आलेल्या ३८० विमानांच्या हिशेबावरून त्या २० विमानांचे काय झाले असावे, कितवी गोळी प्राणघातक ठरली असावी आणि विमानाचा कोणता भाग सर्वांत नाजूक असावा, याचा अंदाज बांधण्याची रीत वाल्ड यांनी घालून दिली. इंजिनाच्या बाजूस लागलेला मारा सर्वांत घातक, असे त्यांच्या उदाहरणांत दिसून येते. ही टिपणे १९८० साली पुन्हा प्रकाशात आली, तेव्हा त्यांच्या लेखकाला निलगिरीवर देह ठेवून तीस वर्षे झाली होती.

ज्याला एकही सांगाडा पाहावयास न मिळता विचार करावा लागला, त्याच्या शेवटाचा पुरावा मात्र एका सांगाड्याच्या रूपाने डोंगरावर पडला. आणि येथून पुढचा प्रश्न सुरू होतो. गुराखी, शिकारी, लाकूडतोडे, गिर्यारोहक अशा माणसांना अवघड जागी, कधी वर्षांनी, कधी पिढ्यांनी, विमानाचा एखादा तुकडा सापडतो. तो तुकडा काय सांगतो, आणि तो सापडल्यावर सापडणाऱ्याकडे कोणते कर्तव्य येते?

निलगिरीवरील अपघाताच्या बरोबर चाळीस दिवस आधी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, त्याच नावाच्या भगिनी कंपनीचे, एअर इंडिया इंटरनॅशनलचे, ‘मलबार प्रिन्सेस’ हे मोठे विमान युरोपातील माँ ब्लाँ या पर्वतावर आदळले होते. मुंबईहून कैरोमार्गे जिनिव्हाकडे चाललेल्या या विमानात ४८ माणसे होती. त्यांतील बहुतेक उतारू साधे खलाशी होते. इंग्लंडमधील बंदरात जहाजावर रुजू होण्यासाठी ते निघाले होते. मदतीसाठी निघालेल्या पथकातील रने पायो हा वाटाड्या बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला. न पाहिलेल्या, न ओळखलेल्या भारतीय खलाशांसाठी शामोनी गावच्या एका मनुष्याने प्राण दिला, ही गोष्ट आपल्या देशात जितकी ठाऊक असावी तितकी नाही.

महाराष्ट्रालाही असा एक दिवस माहीत आहे. १९६२ सालच्या जुलैची ६ आणि ७ तारखेमधील रात्र. सिडनीहून डार्विन, सिंगापूर, बँकॉक करीत रोमला जाणारे आलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान मुंबईस उतरण्याच्या बेताने खाली येत होते. पावसाळ्याचे दिवस, रात्रीची वेळ. मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरच्या मुलखातील एका डोंगरावर, ३,६०० फूट उंचीच्या सुमारास ते आदळले आणि त्यातील ९४ माणसे प्राणास मुकली. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की, आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला होता; त्यामुळे त्याने वेळेआधीच उंची सोडण्यास सुरुवात केली. विमानात बिघाड नव्हता. इंजिने नीट चालत होती. चूक होती ती केवळ आपण कोठे आहोत या समजुतीत. शिवनेरीच्या आसमंतातील ज्या कडेकपारींनी शतकानुशतके परचक्र अडविले, त्यांच्या कुशीत वाट चुकलेले निष्पाप प्रवासी कायमचे विसावले.

डोंगरावर आदळलेल्या कितीतरी विमानांची हीच कथा आहे. वैमानिकाच्या हाती पूर्ण ताबा असलेले धडधाकट विमान ढगातून जाऊन जमिनीला भिडते. त्या काळी वेळ, वेग आणि दिशा यांचा हिशेब, खालून मिळणारे रेडिओचे संकेत आणि डोळ्यांना दिसेल ते, एवढ्यावर वाट काढावी लागे. हिशेबात दहा मिनिटांची चूक म्हणजे कित्येक मैलांचे अंतर, आणि डोंगराळ मुलखात तेवढे अंतर पुरेसे होते.

आता सांगाड्याचा उपयोग पाहावा. माँ ब्लाँवर २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ नावाचे बोइंग विमान पडले. त्यात ११७ माणसे गेली. डॉ. होमी भाभा हे त्यांपैकी एक. मुंबईत जन्मलेल्या, मुंबईतच मूलभूत संशोधनाची संस्था आणि तुर्भ्याचे अणुकेंद्र उभारणाऱ्या त्या शास्त्रज्ञाच्या मृत्यूने सारा देश हादरला. चौकशीत असे आढळले की विमानातील दिशा दाखविणाऱ्या यंत्रांपैकी एक बंद होते, आणि खालून रडारवरील अधिकाऱ्याने केलेल्या दुरुस्तीचा अर्थ वैमानिकाने वेगळा घेतला. पर्वत आपण ओलांडला अशा समजुतीने विमान खाली उतरू लागले. यावर पुढे नाना तर्क लढविले गेले. थोर माणूस अकस्मात गेला की लोकांच्या मनाला साधे कारण पटत नाही. परंतु तर्काला पुराव्याची जागा घेऊ देणे हे ज्ञानाच्या उपासकाच्या स्मृतीला शोभणारे नव्हे.

हे विमान ज्या बर्फात पडले ते बर्फ स्थिर नाही. बोसाँ नावाची हिमनदी डोंगरावरून संथपणे खाली सरकत असते, आणि माथ्यावर गिळलेल्या वस्तू चाळीस-पन्नास वर्षांनी पायथ्याशी आणून टाकते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिने भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी बाहेर टाकली. आत वर्तमानपत्रे होती. २०२० साली जवळच्या एका उपाहारगृहाच्या मालकाला बर्फाच्या कडेला भारतीय वर्तमानपत्रे सापडली. त्यांवर इंदिरा गांधी यांच्या निवडीची बातमी होती. ज्या दिवशी त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी ते विमान पडले होते. ज्यांच्यासाठी ती वर्तमानपत्रे निघाली होती, ते वाचक केव्हाच निघून गेले. आणि छापलेल्या बातमीतील पंतप्रधानांची सारी कारकीर्द आणि त्यांचा अंतही दरम्यान होऊन गेला. अक्षरे मात्र वाचता येत होती.

२०१३ साली त्याच हिमनदीवर एका तरुण गिर्यारोहकाला धातूची एक पेटी सापडली. उघडून पाहतो तो पाचू, नीलम आणि माणके. आसपास कोणी नाही. पेटी खिशात घातली असती तर विचारणारा कोणी नव्हता. त्याने ती खाली आणून पोलिसांच्या स्वाधीन केली. वारसांचा शोध लागला नाही. आठ वर्षांनी, २०२१ मध्ये, कायद्याप्रमाणे त्या रत्नांची वाटणी झाली: निम्मी सापडणाऱ्याला, निम्मी शामोनी गावाला. त्यांची किंमत सुमारे ३ लाख युरो होती. या प्रसंगाचे मोल मात्र त्या रकमेत नाही. ही वस्तू कोणाची तरी आहे, आणि तो मनुष्य प्रवासात मरण पावला आहे, एवढी जाणीव त्या एकांतात त्या तरुणाच्या मनात जागी होती, यात ते आहे.

सगळ्याच सांगाड्यांचे नशीब असे नसते. दुसऱ्या महायुद्धात आसामातून चीनला रसद पोहोचविणारी शेकडो अमेरिकन विमाने पूर्व हिमालयाच्या रांगांत नाहीशी झाली. आज अरुणाचलात मोडणाऱ्या त्या रानांत पुढे शिकाऱ्यांना पत्रे, पंखे, इंजिने सापडत गेली. खेडोपाडी त्या हलक्या धातूची भांडी आणि अवजारे झाली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्याच्या घरी लोखंड पाठीवरून वाहून आणावे लागते, त्याला आकाशातून पडलेला पत्रा देवाचे देणे वाटावे हे साहजिक आहे. परंतु त्याच पत्र्यावर कोरलेल्या आकड्यांवरून विमान ओळखता येते, आणि विमान ओळखले की माणसांची नावे कळतात. २०२३ साली पासीघाट येथे या हवाई मार्गाच्या आठवणी जपणारे संग्रहालय उघडण्यात आले. वापरातून सुटलेले तुकडे आता तेथे स्मरणाचे काम करीत आहेत.

नावे कळणे याचा अर्थ काय, हे आपल्याच सैनिकांच्या एका विमानावरून स्पष्ट होते. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतीय हवाई दलाचे एएन-१२ जातीचे विमान १०२ माणसांना घेऊन चंडीगडहून लेहकडे निघाले. हवा बिघडल्यामुळे ते परत फिरले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. पस्तीस वर्षे त्याचा मागमूस नव्हता. २००३ साली मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचे पथक चंद्रभागा-१३ या शिखराच्या मोहिमेवर असताना ढाका नावाच्या हिमनदीवर त्यांना या विमानाचे अवशेष आणि एका जवानाचा देह आढळला. चंद्रभागा हे नाव मराठी कानाला पंढरीच्या वाळवंटात नेते. पण ही चंद्रभागा हिमाचलातील, आणि तिचे वाळवंट बर्फाचे. त्यानंतर सेनेच्या तुकड्या पुन्हा पुन्हा तेथे चढून गेल्या. २०१९ पर्यंत पाच देह मिळाले होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आणखी चार मिळाले. ५६ वर्षांनी ते आपापल्या गावी पोहोचले, आणि पाहणारांपैकी अनेक जण मृत जवानांहून वयाने कितीतरी मोठे झालेले होते. तरुण देहाला म्हाताऱ्या हातांनी अग्नी द्यावा असे ते दृश्य होते.

एवढ्या वर्षांनी चार देह आणण्यासाठी जिवंत माणसांना त्या उंचीवर पाठविणे व्यवहाराच्या दृष्टीने कितपत योग्य, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, बेपत्ता हा शब्द मृत या शब्दाहून कठोर आहे. मृत्यूला तेरावा दिवस असतो. बेपत्ता होण्याला तो नसतो. कुंकू पुसावे की नाही, श्राद्धाची तिथी कोणती धरावी, सरकारी कागदावर काय लिहावे, दारावर थाप पडली तर उठावे की नाही, या प्रश्नांत एक घर वर्षानुवर्षे अडकून राहते. सांगाडा सापडला की त्या घराला रडण्याची मुभा मिळते. ती मिळवून देणे हे राज्याच्या कर्तव्यात मोडते.

सांगाड्याचे दुसरे काम मेलेल्यांसाठी नसून जिवंतांसाठी आहे. अलास्कातील जुनो येथे १९७१ साली एक जेट विमान डोंगरावर आदळून १११ माणसे दगावली. असे अपघात डॉन बेटमन नावाच्या एका अभियंत्याच्या मनाला डाचत होते. त्यांनी एकामागून एक अपघात तपासला. वैमानिक घाबरलेला नसतो, यंत्र बिघडलेले नसते, कोणाला धोक्याची कल्पनाही नसते. हे त्या अपघातांचे समान लक्षण. तेव्हा जमीन वेगाने जवळ येत आहे हे ओळखून वैमानिकाला मोठ्या आवाजात सावध करणारे यंत्र त्यांनी सिद्ध केले. १९७४ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियात आणखी एक विमान डोंगराला भिडून ९२ माणसे गेली, आणि त्यानंतर अमेरिकेत हे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. पुढे साऱ्या पृथ्वीच्या चढउतारांचा नकाशा त्याच्या पोटात घालण्यात आला. आज ढगातून मुंबईस उतरणाऱ्या प्रवाशाला सह्याद्री दिसत नाही. पण विमानाला तो दिसत असतो. त्या यंत्राचा आवाज म्हणजे, एका अर्थाने, आधी गेलेल्यांनी मागच्यांना घातलेली हाक आहे.

येथे वाल्ड यांच्याकडे पुन्हा वळले पाहिजे. ते १९५० च्या हिवाळ्यात भारतात आले, तो काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रजासत्ताकाचे ते पहिलेच वर्ष. योजना आयोग त्याच वर्षी मार्चमध्ये स्थापन झाला होता. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली होती, आणि तिची पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या महिन्यांत चालू होती. मराठी मुलखातून निघालेले पां. वा. सुखात्मे पिकांच्या नमुना पाहणीचे शास्त्र उभे करीत होते. पुणे विद्यापीठात व. शं. हुजुरबाजार यांच्या नेतृत्वाखाली संख्याशास्त्राचा विभाग १९५३ साली सुरू व्हावयाचा होता. थोडक्यात, शितावरून भाताची परीक्षा करण्याचा भव्य प्रयोग एका दरिद्री, अफाट देशात मांडला जात होता, आणि त्या विद्येचा एक आचार्य पाहुणा म्हणून आला होता. अग्रहाराची जुनी रीत लोकशाही राज्याने नव्या रूपात पाळली होती.

त्या आचार्याचा धडा पाहणी करणाऱ्या कारकुनापासून मंत्र्यापर्यंत सर्वांच्या उपयोगाचा आहे. गावात पाहणीसाठी गेलेल्या माणसाला एका घराला कुलूप दिसते. तो शेजारचे घर मोजतो आणि पुढे जातो. परंतु कुलूप लावून ते कुटुंब ऊसतोडीला गेले असेल, खडी फोडावयास गेले असेल, दुष्काळामुळे गाव सोडून गेले असेल. घरी सापडलेल्यांचा हिशेब करून गाव सुखी आहे असे लिहिणे म्हणजे परत आलेल्या विमानांवरील भोके मोजून निश्चिंत होणे. कचेरीत आलेले अर्ज निकालात निघाले याचे समाधान मानताना, जो अर्ज लिहूच शकला नाही त्याची नोंद कोणत्या वहीत आहे, हे विचारले पाहिजे. शाळेचा निकाल उत्तम लागला, पण चौथीत असताना गळालेली मुले त्या निकालात कोठे आहेत? दवाखान्यात पोहोचलेले रुग्ण बरे झाले. वाटेत राहिलेल्यांचे काय? राज्यकारभाराची खरी कसोटी पुष्कळदा त्या न परतलेल्या वीस विमानांत असते.

म्हणून रानात, कड्यावर किंवा बर्फात विमानाचा तुकडा ज्याला आढळेल, त्याने तो वस्तुसंग्रहासाठी घरी आणू नये. जागेची खूण लक्षात ठेवावी, जमल्यास छायाचित्र घ्यावे, काही हलवू नये, आणि जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा तहसील कचेरीला कळवावे. एखादा आकडा, एखादे बटण, कापडाची एखादी पट्टी कोणाच्या घरचा पन्नास वर्षांचा प्रश्न सोडवील, हे सांगता येत नाही.

वाल्ड दांपत्य निलगिरीवर गेले तेव्हा त्यांचा मुलगा रॉबर्ट अवघा तीन वर्षांचा होता. तो पुढे शिकागो विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. गुरुत्वाकर्षण हा त्याच्या अभ्यासाचा विषय, आणि सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांतावर त्याने १९८४ साली लिहिलेला ग्रंथ जगभर विद्यार्थ्यांच्या हाती असतो; भारतातही असतो. म्हैसूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने तो ग्रंथ वाचून झाल्यावर चामुंडीच्या टेकडीवर जावे. आकाश स्वच्छ असेल तर दक्षिणेला क्षितिजावर निलगिरीची निळी रेघ दिसते. त्या रेघेच्या पूर्व टोकाकडे कोठेतरी रुसलेल्या देवाचे शिखर आहे, आणि आमंत्रणावरून आलेला एक पाहुणा त्या बाजूला राहून गेला आहे.